चारशे ग्रॅम कमी

माझा निर्णय तसा अगदी छोटा होता. गप्प बसायचं. आता तुम्ही म्हणाल, बाईमाणूस गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडणार? तेच सांगायला बसले आहे. (सांगतेय मी, टाइप करतेय नात. मी शाळेची पायरी चढलेली नाही. पण एकदा नजरेखालून किंवा कानावरून गेलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या लग्नात वाढणाऱ्या माणसाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलं होतं, तेसुद्धा सांगेन. तिसरं.)

आम्ही दोघं लेकीकडे परदेशी दोन महिने राहायला गेलो होतो. आमच्या ह्यांनी बरोबर औषधांची डबी घेतली, कानटोपी घेतली आणि काटा घेतला. काटा म्हणजे ताणकाटा. वर कडी, खाली आकडा, मध्ये पितळी पट्टी आणि पट्टीच्या मागे स्प्रिंग. वजनमापे खात्यात हे चौतीस वर्षं निरीक्षक होते. बाजारात सगळे ह्यांना काटेसाहेब म्हणायचे, आणि हे दुरून येताना दिसले की माल आपोआप पुरेपूर मोजला जायचा. निवृत्तीच्या दिवशी खात्याने ह्यांचाच काटा ह्यांना भेट दिला. तेव्हापासून तो उशाशी असतो. मी पलीकडच्या बाजूला असते.

तर लेकीकडे चौथ्या दिवशी मी रजई धुतली. गॅलरीत दोरी नव्हती. हे जावयाबरोबर फिरायला गेलेले. मी काट्याची कडी वरच्या गजाला अडकवली आणि आकड्याला ओली रजई टांगली. छान लोंबत होती. मग आतून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि रजई खाली बसली. पाहते तर स्प्रिंगची शेवटची वेटोळी सरळ होऊन गेलेली. मी जावयाची पकड घेतली, बिघडलेला भाग कापून टाकला, उरलेली स्प्रिंग पुन्हा अडकवली. काटा शून्यावर आला. ओढून सोडला, पुन्हा शून्यावर. झालं, म्हटलं, दुरुस्त! वर थोडं खोबरेल तेलही लावलं.

आणि गप्प बसायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी सगळ्या बॅगा त्या काट्यावर तोलल्या. “तेवीस किलो. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही,” म्हणत पाठीमागे हात बांधून घरभर फिरले. विमानतळावर मात्र काउंटरवरच्या बाईने मान हलवली. प्रत्येक बॅग जवळजवळ सहा किलो जास्त!

“तुमचा काटा तपासून घ्या,” हे तिला म्हणाले.

“अहो, चला,” मी म्हटलं.

“अगं, चला काय? काट्यावर तपासणीचा शेवटचा शिक्का कधी मारलाय तो विचार तिला!”

शेवटी बॅगा उघडाव्या लागल्या. जड जड ते सगळं माझ्या अंगावर चढलं. दोन स्वेटर, त्यावर ह्यांचं जाकीट, त्यावर लेकीने दिलेला लांब कोट, आणि सगळ्यात आत जावयाचा खिसेवाला बंडी-स्वेटर. आरशात पाहिलं तर मला मीच पाहुणी वाटले.

अशा अवस्थेत आम्ही मधल्या विमानतळावर उतरलो. पुढच्या विमानाला सहा तास होते.

तुम्ही असं कधी बसला आहात का? चहूकडे काच. काचेपलीकडे पांढरी विमानं पाण्यातल्या बदकांसारखी हळूहळू सरकतात, आवाज अजिबात नाही. ऊन आहे, पण कुठल्या वेळचं ते कळत नाही. आमच्या घड्याळात संध्याकाळ, भिंतीवरच्या घड्याळात सकाळ. माणसं खुर्च्यांवर आडवी झालेली, कुणाचं तोंड उघडं, कुणाच्या पोटावर टोपी. चालायचीसुद्धा गरज नाही, जमीनच चालते. एक म्हातारा त्या सरकत्या पट्ट्यावर नुसता उभा राहून माझ्यासमोरून गेला, थोड्या वेळाने परत आला, पुन्हा गेला. मी पाच कपड्यांच्या उबेत अशी काही सैलावले की विमानतळच कुणीतरी मोठ्या काट्याला टांगलाय आणि तो झुलतोय असं वाटायला लागलं. वर ढगात बसून कुणी पट्टीवरचा आकडा वाचत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नात होती.

“आजी, माझा लॅपटॉप मेला. परवा इमारतीचा नकाशा द्यायचाय. नाही दिला तर वर्ष जाईल. तुम्ही आहात तिथे विमानतळावरच दुकान आहे, मी पाहिलंय. आईने तुमच्या कार्डात पैसे टाकलेत. आजोबांना लिहून घ्यायला सांग.”

“त्यांनी लिहिलेलं त्यांनाच वाचता येत नाही. मला सांग.”

तिने एकदाच सांगितलं, मी एकदाच ऐकलं. पंधरा इंची, राखाडी, सोळाची मेमरी, पाचशेबाराची साठवण, नकाशे काढता येतील असा, वरच्या फळीवर डावीकडून तिसरा.

दुकान म्हणजे आणखी एक स्वप्न. लांब पांढऱ्या टेबलांवर पन्नासेक लॅपटॉप उघडून ठेवलेले, आणि सगळ्यांच्या पडद्यावर तेच एक निळं तळं. पन्नास तळी. सगळ्यांवर एकच धुकं एकाच वेळी सरकत होतं. मला तर वाटलं, एखाद्यात हात घातला तर ओला होईल. (घातला. पुसून काढावं लागलं.)

विकणारी बाई गोड होती, तिच्या केसांत पेन्सिल खोचलेली. मी नातीचं सगळं घडाघडा म्हटलं, ह्यांनी त्याचं इंग्रजी केलं, आणि पाच मिनिटांत खोका टेबलावर आला. इथेच सगळं संपायचं. पण ह्यांनी खोक्याची बाजू वाचली.

“वजन दोन किलो,” हे म्हणाले, आणि हात पिशवीत गेला.

माझी झोप खाडकन उतरली.

“अहो, लॅपटॉप काय वजनावर घ्यायचा असतो?”

“लिहिलंय ना? लिहिलंय ते भरलं पाहिजे. मग ते तूप असो की लॅपटॉप.”

बाईने खोका उघडला. आतली एकेक वस्तू ती माझ्या हातात देत गेली: पुस्तिका, पुठ्ठा, काळी वायर आणि तिच्याबरोबरची विटेएवढी काळी डबी. “नीट सांभाळ,” हे म्हणाले. मी सांभाळली. लॅपटॉप कापडी पिशवीत घालून ह्यांनी आकड्याला लावला, एक डोळा मिटला आणि श्वास रोखला. चौतीस वर्षं रोखायचे तसाच.

“एक किलो सहाशे!”

पन्नास तळ्यांवरून धुकं सरकलं.

“चारशे ग्रॅम कमी,” हे कडाडले. “आतलं काहीतरी काढून घेतलंय.”

बाईने दुसरा आणला. एक किलो सहाशे. तिसरा आणला. एक किलो सहाशे. ह्यांचा चेहरा प्रत्येक खेपेला उजळत होता. इतक्या वर्षांनी हाताला काम लागलं होतं! बाईचा चेहरा मात्र पडत चालला. तिचे साहेब आतून आले. ते इंग्रजीत बोलत होते. मला शब्द कळत नाहीत, पण कुणाच्या नोकरीवर येतंय हे कुठल्याही भाषेत कळतं. साहेबांनी बाईकडे पाहिलं, बाईने केसांतली पेन्सिल काढून उगाच हातात धरली.

मी अजूनही गप्पच. (नात म्हणते, आजी, तेव्हा तरी बोलायचंस. बाळ, तू काटेसाहेबांशी लग्न करून बघ.)

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. शेजारच्या दुकानात चॉकलेट वजनावर मिळायचं. आमची वरात तिकडे गेली. लॅपटॉप तिथल्या काट्याच्या तबकावर ठेवला. दोन किलो, अगदी बरोबर.

“हाही काटा खोटा,” हे म्हणाले, पण आवाज खाली आला होता. “तिकडे विमानतळावरचा खोटा. हा खोटा. सगळेच…”

आणि वाक्य अर्ध्यात सोडून ते तिथल्या बाकावर बसले. मांडीवर काटा. काचेतून आलेलं ते वेळ नसलेलं ऊन पितळी पट्टीवर पडलं होतं. मी बाजूला जाऊन बसले.

“अगं,” ते म्हणाले, “तो तेलवाला आठवतो?”

“कोपऱ्यावरचा. डाव्या हाताला सहावं बोट.”

“त्याचं दुकान मी सहा महिने बंद ठेवायला लावलं. याच काट्यावर. तो रडत म्हणाला होता, साहेब, माझं माप खरं आहे, तुमचा काटा बघा. मी ऐकलं नाही.” ते पट्टीवरून अंगठा फिरवत होते. “चौतीस वर्षं मीच खोटं तोलत आलो असेन तर?”

मी त्यांना आजवर रागावलेलं पाहिलंय, आजारी पाहिलंय. इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. पाच कपड्यांच्या आत मला घाम फुटला.

“अहो, काटा मी मोडला.”

“काय?”

“लेकीकडे. चौथ्या दिवशी. रजई टांगली होती.”

“रजई.”

“ओली.”

त्यांनी काटा उलटा केला, मागची फट डोळ्याजवळ नेली आणि आतली आखूड स्प्रिंग पाहत राहिले. “आणि ही कापली कुणी?”

“मीच. पकडीने. शून्यावर येत होता हो, मला वाटलं झालं!”

“स्प्रिंग आखूड केली की ती ताठ होते. ताठ झाली की कमी ताणते. कमी ताणली की वजन कमी दाखवते,” ते शिकवल्यासारखं एकेक शब्द बोलले. “म्हणजे बॅगा खरंच जास्त होत्या.”

“होत्या.”

“आणि तू हे सगळं अंगावर घालून इतके तास गप्प?”

“दोन महिने गप्प.”

आता फुटणार, म्हणून मी डोळे मिटले. फुटलं ते हसू. बाक हलायला लागला, काट्याचा आकडा खुळखुळायला लागला. चॉकलेटवाला, साहेब आणि पेन्सिलवाली बाई एकमेकांकडे बघू लागले.

“आणि तो तेलवाला?” ह्यांनी डोळे पुसत विचारलं.

“चोरच होता हो. मापाच्या तळाला त्याने मेण लावलेलं. मी स्वतः नख घालून पाहिलं होतं.”

“मग तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कुठे विचारलंत?”

हे उठले. ताठ उभे राहून त्यांनी त्या बाईची आणि तिच्या साहेबांची माफी मागितली, खात्यात वरच्या साहेबांपुढे बोलायचे तशी. मग माझ्याकडे बोट करून इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि दोन्ही हातांनी रजई पिळून दाखवली. बाईने पेन्सिल पुन्हा केसांत खोचली आणि इतकी हसली की आम्हाला एक चॉकलेट फुकट मिळालं. (हे ह्यांनी काट्यावर धरलं नाही, ही मोठीच गोष्ट.)

पुढचा प्रवास ढगातूनच झाला. ह्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, लॅपटॉपचा खोका पोटाशी धरला. मला मात्र बरगडीत एकसारखं दुखत होतं. कूस बदलली तरी दुखे. विमानातल्या मुलीने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, ती मी दुखऱ्या जागी घट्ट दाबून धरली आणि मनाशी म्हटलं, गुपित दोन महिने आत ठेवलं की असंच होत असेल.

घरी पोचलो. अंगातला कोट काढायचंही त्राण नव्हतं, तशीच खुर्चीत बसले. नातीने खोका उघडला. लॅपटॉप पाहून तिने उडी मारली, बटण दाबलं, निळं तळं उमटलं आणि लगेच विझलं.

“चार्ज नाहीये. आजोबा, चार्जर कुठाय?”

पुस्तिका निघाली. पुठ्ठा निघाला. खोका उलटा केला, बॅगा उलट्या केल्या. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या नकाशा द्यायचा, आणि असला चार्जर गावात मिळायला आठवडा लागतो म्हणे.

आमचे हे खोलीच्या मधोमध उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते जुनं तेज चढत होतं.

“चारशे ग्रॅम कमी,” ते म्हणाले. “मी तिथेच सांगितलं होतं. ती बाई दिसायला गोड होती, पण माल तिने काढून घेतला. आत्ताच्या आत्ता तक्रार लिहितो.”

“अहो, असं कसं?” मी म्हटलं. “माझ्या डोळ्यांसमोर सगळं काढलं. मला एकूणएक वस्तू आठवते. पुस्तिका, पुठ्ठा, काळी वायर, विटेएवढी डबी. तिने सगळं माझ्या हातात दिलं होतं, मी विसरणारी बाई आहे का?”

“मग तू कुठे ठेवलंस?”

मी तोंड उघडलं. वाढणाऱ्याचं तिसरं बटण आठवलं. तेलवाल्याचं सहावं बोट आठवलं. पुढे धुकंच धुकं.

नातीला माझी दया आली असावी. ती जवळ आली, मला मिठी मारली आणि थबकली.

“आजी, तुझ्या बरगडीला हे टणक काय आहे?”

कोट निघाला, जाकीट निघालं, दोन स्वेटर निघाले. जावयाच्या बंडीच्या आतल्या खिशातून चार्जर बाहेर आला. माझ्याच गरम पिशवीने शेकून निघालेला, अजून कोमट.

नात तो घेऊन धावली. पण काटेसाहेबांनी तिला दारात अडवलं, चार्जर तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. एक डोळा मिटला. श्वास रोखला.

“चारशे ग्रॅम,” ते समाधानाने म्हणाले आणि माझ्याकडे, माझ्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. “माल पूर्ण आहे. खोट फक्त बारदानात होती.”