नारबा मापाडी आणि तीन कोस

झरीच्या आडतीवर बाजाराच्या दिवशी शेवटचं पोतं तोलून झालं, की नारबा मापाडी स्वतःच तराजूच्या पारड्यात मांडी घालून बसत. दुसऱ्या पारड्यात मापं टाकायला मी. शाळामास्तर खोटा आकडा सांगणार नाही, असा त्यांचा समज. पहिल्यांदा पावणेतीन मण भरले तेव्हा म्हणाले, "धोतर, फेटा, चिलीम वजा करा." केली. "अन् सकाळची न्याहारी?" तीही केली. आकडा तरी काही लाजला नाही.

ही नुसती हौस नव्हती. आदल्या नागपंचमीला लेकीला, कौसाला, माहेरी आणायला नारबा मुराळी म्हणून निघाले होते. कौसाला भाऊ नाही, म्हणजे मुराळी बापच. तिचं सासर तीन कोसांवर. पावसात काळ्या रानातून गाडी चालत नाही, पायीच जावं लागतं. नारबा अर्ध्या कोसावर धापा टाकत चिखलात बसले ते बसलेच. दोघांनी धरून घरी आणलं. तिकडं कौसा दिवसभर उंबऱ्यात बसून राहिली. "येत्या पंचमीला म्या जाणारच," असं नारबांनी मग भर बाजारात सांगून टाकलं आणि स्वतःची चांगलीच पंचाईत करून घेतली.

परभणीच्या डॉक्टरनं तूप, गूळ, भात सगळं बंद केलं. नारबांनी अकरा दिवस पाळलं. त्या अकरा दिवसांत माणूस इतका चिडका झाला की त्यांची बायको, सखूकाकू, माझ्या दारात आल्या. "मास्तर, ह्यास्नी कायतरी खायाला घाला हो, न्हाईतर म्याच माहेरी जाते!" बाराव्या दिवशी नारबांनी फडताळामागं उभं राहून अच्छेर, म्हणजे चांगला अर्धा शेर, गूळ फस्त केला. आणि त्याच संध्याकाळी नवा नेम जाहीर केला. "ग्वाडधोड समदं खायाचं! पर जितं व्हतंय, तितं पायी जाऊन."

हे कसलं पथ्य, बुवा? मला राहवेना. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागं हिंडायला लागलो.

हुरडा शेतात, आगटीपाशी बसून. शेळीचं दूध माळावर, धनगरांच्या वाड्यावर. तिथली म्हातारी म्हणायची, "घरला घिऊन जा की चरवीभर." नारबा कानाला हात लावत. "नगं माय! घरी मी अन् चरवी दोगंच असतोत."

गूळ खायला दोन कोसांवरचं गुऱ्हाळ. तिथं गरम गूळ पानावर घेऊन, गुळव्याशी गप्पा मारत, चाटत बसायचे. घास मात्र मोजून. मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाहीत, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात. नारबांचे घासही तसेच. "लाभ... दोन... बास. लय झालं."

"बास? घरी तर अच्छेर उडवलात!"

"त्यो चोरून खाल्ला, मास्तर. भ्यात भ्यात खाल्ल्यावर चव कुठली कळायलीय? इतं कसं, निवांत खायलोय."

परतताना माझ्या पोटऱ्या भरून आलेल्या. नारबा मात्र पुढं, उद्या कुठं जायचं ते ठरवत. महिन्याला दोन-तीन शेर असं वजन उतरत गेलं. सखूकाकूंना सदऱ्याला टीप मारावी लागली, तेव्हा कुठं गावाचा विश्वास बसला.

पंचमी जवळ आली. नारबा पहाटे निघाले. ते बसले तर उचलायला कुणी हवं म्हणून मी सोबत गेलो. वाटेत दोनदा बसलो तो मीच.

कौसा उंबऱ्यातच होती. "आबा, चालत आलाव?" एवढंच म्हणाली आणि आत पळाली. मुराळ्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. मी हात धुऊन बसलो. नारबा बसेनात. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, तशी रीतच आहे. माझ्या पोळीवर तूप सुटलेलं, आणि तीन कोस तुडवून आलेला हा माणूस कोरड्या तोंडानं जावयाच्या म्हशीची विचारपूस करतोय!

उन्हं जरा उतरल्यावर कौसाला घेऊन आम्ही परत निघालो. गावाची शीव ओलांडली, तशी ती बाभळीखाली थांबली. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून सोडलं. आत पोळ्या.

"शीव वलांडली. आता सासर मागं ऱ्हायलं. खा, आबा."

नारबा गाठोड्याकडं बघत राहिले. मग खाली बसले. पहिली पोळी खाल्ली. "लाभ." दुसरी उचलली. मी 'दोन'ची वाट पाहत होतो.

"लाभ," ते पुन्हा म्हणाले.

"मापाडी, मोजणी चुकली."

"न्हाई, मास्तर. ह्यी गेल्या सालची हाय. तवाबी केल्या असतील की पोरीनं."

कौसानं तोंड फिरवलं. पदरानं डोळे पुसले. मग तिसरी पोळी तिनंच त्यांच्या हातावर ठेवली.

"दोन," ती म्हणाली.

नारबा 'बास' म्हणाले नाहीत.