अप्पांची गाडी तेल पिते

"तेल बघितलंत?"

आठवड्याने गाडी परत घेऊन आलेल्या धाकट्या जावयाला अप्पांनी "या, बसा"सुद्धा म्हटलं नाही. त्यांच्या हातात जुन्या बनियनचा तुकडा तयार होता.

अप्पांची नजर मंदावली होती आणि गाडी दोघांपैकी एका जावयाला द्यायचं घाटत होतं. अट एकच, आठवडाभर नीट सांभाळून दाखवायची. थोरल्या जावयाने इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी ओतलं आणि वर "पाणी ते पाणीच" असं म्हणून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता सगळी आशा धाकट्यावर होती. त्याची बायको रोज दोन बस बदलून, उभ्याने लोंबकळत कामावर जात असे. ही गाडी तिला मिळावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

अप्पा कारखान्यात मापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झाले होते. दर रविवारी ते बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढत, पुसत, आत घालत, पुन्हा काढत आणि "कमीच!" म्हणत तेल ओतत. गाडी धूर सोडी. "वय झालं की धूर येतोच," असं अप्पांचं म्हणणं. सासूबाईंकडे पाहूनही ते हेच म्हणत.

धाकट्याने आपल्या इमारतीखाली पट्टी काढली, तर तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर. त्याने गॅरेजमध्ये जादाचं तेल काढून घेतलं, डब्यावर वाचून योग्य ते कूलंट भरलं, ब्रेक ऑइल पाहिलं, वायपरचं पाणीसुद्धा भरलं. धूर बंद झाला. स्वारी खुशीत आली होती.

इंजिन थंड झाल्यावर अप्पांनी पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा पडला.

"जावईबापू, हे काय? खालच्या खुणेलासुद्धा तेल नाही!"

"अप्पा, सकाळीच बघितलं होतं. बरोबर होतं."

"मग माझी पट्टी खोटं बोलते?"

धाकट्याने पायाखाली पाहिलं. फाटकातून आत येणारी फरशी चांगलीच चढती होती आणि गाडी नाक वर करून उभी होती. तेल बिचारं मागे जाऊन बसलं होतं. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अप्पा दर रविवारी इथेच तर तेल बघत! तो तोंड उघडणार, तोच सोबत आलेल्या बायकोने डोळे वटारले. इतकी वर्षं मापं तपासणाऱ्या माणसाला 'तुमचं माप चुकलं' हे सांगायचं कुणी? सांगितलं तर गाडी जाणार, आणि नाही सांगितलं तरी जाणारच!

"एक जावई पाणी ओततो, दुसरा तेल संपवतो," अप्पांनी तेलाचा डबा उघडला. "त्यापेक्षा विकूनच टाकतो."

बायकोचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि कप त्यांनी गाडीच्या टपावर ठेवला.

"हा कसला चहा?" अप्पा खेकसले. "एका बाजूने सांडतोय, दुसऱ्या बाजूने कमी!"

"चहा रोजचाच आहे. उतारावर ठेवल्यावर काय होणार? माझी बादली नाही का इथे रोज सांडत?"

अप्पांनी कपाकडे पाहिलं. मग पट्टीकडे. मग पुन्हा कपाकडे.

"गाडी बाहेर सपाटीला घ्या," ते हळूच म्हणाले.

थोडं थांबून पट्टी पुन्हा काढली. तेल अगदी दोन खुणांच्या मध्ये होतं. अप्पांनी ती दोनदा पुसून पाहिली, घसा खाकरला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"जावईबापू, एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. तेल नेहमी सपाट जागेवर बघायचं असतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय."

धाकट्याने मान डोलावली. "बरं झालं सांगितलंत, अप्पा."

"शिकायची तयारी आहे तुमची. ही घ्या किल्ली."

बायकोने ती नवऱ्याच्या हाती पडूच दिली नाही, मधल्यामधेच घेतली. ती स्वतः चालवायला बसली आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

"अहो, धूर गेला की हिचा!" सासूबाई म्हणाल्या. "वय झालं होतं ना?"

"जाणारच," अप्पा म्हणाले. "जावई कुणाचा आहे?"