नमुन्यादाखल घटस्फोट

"घटस्फोट म्हणजे काही अवघड नाही," कलमदादा धाकट्या बहिणीला म्हणाले. "फक्त समजावून सांगणारा माणूस लागतो."

बहीण जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून बसली होती. ती आणि तिचा नवरा दीड वर्षापासून वेगळे राहत होते. भांडायचं होतं तेवढं भांडून झालं होतं आणि आता कागदोपत्रीही मोकळं व्हायचं यावर दोघांचं एकमत होतं. लग्नानंतरचं बहुधा पहिलंच. तिनं एका वकीलबाईंचा नंबरही मिळवला होता. ते दादांच्या कानावर गेलं आणि ती अडकली.

कलमदादा पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कुणी दोन बोल्ट जास्त मागितले तरी ते त्याला कलम ऐकवत. कलम खरं की खोटं हे कुणी तपासत नसे, कारण त्या घटकेला बोल्टची निकड जास्त असे. कारखान्यानं त्यांना हे नाव वैतागून ठेवलं होतं. दादांना तो बहुमान वाटे.

"दोन प्रकार असतात," त्यांनी बोटं उघडली. "एक संमतीचा. दोघांनी मिळून अर्ज करायचा. कोर्ट मुदत देतं, मुदत संपली की पुन्हा विचारतं, तुम्ही हो म्हणायचं. दुसरा एकतर्फी. एकानं अर्ज करायचा, कारणं लिहायची, समोरच्याला नोटीस जाते."

"दादा, आमचा पहिला आहे. दुसरा कशाला सांगतोस?"

"दुसरा कळल्याशिवाय पहिला कळत नाही."

तो कळावा म्हणून त्यांनी एकतर्फी अर्जाचा कोरा नमुना काढला आणि स्वतःच्याच नावानं भरायला घेतला. अर्जदार, स्वतः. समोरचा पक्ष, बायको. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ती नुकतीच कामावरून आली होती आणि दारात उभी राहून चपला काढत होती.

"माझं नाव कशाला त्यात?" तिनं विचारलं.

"उदाहरण आहे गं. मध्ये बोलू नकोस."

कारणांसाठी अर्जात तीन ओळी होत्या. दादांनी तीन ओळी भरल्या, मग मागची बाजू भरली, मग एक जोडपत्र लावलं. पत्नी बोलणं शेवटपर्यंत ऐकत नाही. समजावलं तरी समजल्याची खूण चेहऱ्यावर दिसत नाही. पाहुण्यांसमोर जांभया देते. अशी चौदा कारणं झाली. नमुना म्हणून इतकं मनापासून लिहिलेलं काही बहिणीनं याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी झोकदार सही केली, कारण सहीशिवाय नमुना अपुरा राहतो. मग बहिणीचा अर्ज भरला, तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या सह्या घेतल्या आणि सगळं एका फाइलमध्ये लावलं.

कोर्टाच्या आवारातल्या नोटरीनं न वाचता फाइलमधल्या प्रत्येक सहीवर शिक्का मारला. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "एका वेळी एकच अर्ज." दादा त्याला खिडकीच्या उंचीबद्दलचा नियम सांगत होते, म्हणून त्यांनी न बघता वरचा कागद आत सरकवला. पावती मिळाली. ती त्यांनी बहिणीला दिली आणि म्हणाले, "वकील असता तर एवढ्याला वर्ष लावलं असतं."

तीन आठवड्यांनी नोटीस आली. ती दादांच्या घरी आली आणि बायकोनं सही करून घेतली. संध्याकाळी तिनं ती टेबलावर ठेवली.

दादांचा चेहरा उतरला. "कारकुनाची चूक आहे ही."

"सही तुमची आहे."

"ती नमुन्यादाखल केली होती."

"आणि ही चौदा कारणं?"

"कारणं नसली तर अर्ज फेटाळतात."

तिनं नोटीस त्यांच्यापुढे सरकवली. एका शब्दात भागलं असतं आणि तो शब्द त्यांना येत नव्हता असंही नाही. पण दादांनी नोटिशीला उत्तर देण्याची मुदत किती असते हे सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी बायकोनं नणंदेला फोन करून वकीलबाईंचा नंबर मागितला. नणंदेचा अर्ज फाइलमध्येच सापडला होता आणि तो घेऊन ती आधीच त्यांच्याकडे पोचली होती.

दादा अर्ज मागे घ्यायला खिडकीवर गेले.

"मागे घ्या की," कारकून म्हणाला. "पण समोरून जबाब आलाय. त्यांनी स्वतःचा अर्जही लावलाय. तुमचा गेला तरी तो राहतो."

जबाब अर्ध्या पानाचा होता. तेरा कारणं मान्य. चौदावं, जांभयांचं, दुरुस्तीसह मान्य. त्या फक्त पाहुण्यांसमोर येतात हे खरं नाही.

त्यानंतर घरात फारसं बोलणं उरलं नाही. बायको नणंदेकडे राहायला गेली. दादा एकटे जेवू लागले. एकदा कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या हे विचारायला त्यांनी तिला फोन लावला आणि तिनं उचलायच्या आत ठेवून दिला. कारखान्यात चार दिवस त्यांनी कुणाला कलम सांगितलं नाही, तेव्हा लोकांना वाटलं त्यांना कावीळ झाली.

न्यायाधीशांनी दोघांना समुपदेशकाकडे पाठवलं. ते एक वयस्क, शांत गृहस्थ होते. पहिल्या बैठकीत दादा बोलले. दुसऱ्या बैठकीत समुपदेशकांनी त्यांना हातानं थांबवून बायकोला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"काही नको," ती म्हणाली. "यांनी एकदा म्हणावं, चुकलं. मी आज अर्ज मागे घेते."

तिच्याबरोबर आलेल्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.  दादांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. शब्द अगदी ओठांवर होता. समुपदेशकांना ते दिसलं. माणसाला थोडी उसंत द्यावी म्हणून ते म्हणाले, "घाई नाही. पुढच्या महिन्यात तिसरी बैठक ठेवू. तोवर विचार करा."

"तशी ठेवता येणार नाही," दादा म्हणाले.

"का बरं?"

"दोन बैठकांत समेट झाला नाही तर अहवाल पाठवावा लागतो. तिसरी हवी असेल तर दोघांची लेखी विनंती दुसऱ्या बैठकीच्या आठवडाभर आधी लागते. तुमच्याच नियमपुस्तिकेत आहे. शेवटून दुसरं पान."

समुपदेशकांनी पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा दादांनी सांगितलेला नियम कुणी तपासला होता आणि तो खरा निघाला होता.

"बरोबर आहे," ते खिन्नपणे म्हणाले आणि त्यांनी अहवालावर लिहिलं, समेट झाला नाही. बायकोनं सही केली. दादांनीही केली, त्याच झोकात. ती पर्स उचलून जिना उतरून गेली.

वकीलबाई कागद आवरता आवरता थांबल्या. "वीस वर्षं वकिली करतेय. हा नियम मला माहीत नव्हता."

कलमदादांची छाती फुगली. त्यांनी खिशातून पेन काढून त्यांच्या फाइलच्या कोपऱ्यात आपला फोन नंबर लिहिला.

"या केसमध्ये पुढे कुठे अडलात," ते म्हणाले, "तर निःसंकोच विचारा."