जागा बघणारे तात्या

आमच्या कर्जतला कुणी नवा माणूस आला की लोक त्याचं नाव-गाव विचारत. शेजारचे तात्या विचारत, "वाढलास कुठं रं, उन्हात का सावलीत?"

माणूस गोंधळायचा. तात्या मात्र उत्तर मिळेपर्यंत हलत नसत. घाटातून आगगाडी सुरू होऊन फार काळ लोटला नव्हता. नवी माणसं सारखी येत, आणि तात्यांना उसंत मिळत नसे.

तात्यांची भातशेती चांगली होती, पण जीव बांधापलीकडच्या रानफुलांत. कोण कुठं राहतं ते त्यांना पाठ. सोनकी उघड्या माथ्यावर, वाऱ्यात. रानहळद झाडांच्या आडोशाला. दीपकाडी नुसत्या कातळावर, बोटभर मातीत. फूल तोडून घरी आणलेलं त्यांना खपत नसे. ती आपापल्या घरी बरी आहेत, आपण भेटायला जावं, असं त्यांचं म्हणणं.

इथवर ठीक होतं. पण माणसांनाही ते हेच माप लावत. मी तेव्हा स्टेशनात तारेच्या कामावर होतो आणि बदली कुठंही झाली तरी कुरकुरत नसे. म्हणून मी टाकळा, वाटेच्या कडेला कुठंही उगवणारा. आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, तर त्यांनी चारचौघांत कळलावी म्हटलं. कुंपणावर चढून जाळासारखी फुलणारी देखणी वेल ती. पण काकूंनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि त्या दिवशी तात्या आमच्याकडे जेवले. एवढं चांगलं बोललं तरी बाई का रागावते, हे त्यांना शेवटच्या घासापर्यंत कळलं नाही.

खरी पंचाईत झाली ती त्यांच्या धाकट्या मुलीच्या, यमुनेच्या लग्नाची. नेरळचं एक चांगलं स्थळ आलं. तात्या मलाही घेऊन गेले. मुलगा समोर येऊन बसला आणि तात्या उठून परसात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मुलाच्या बापानं जरा चिडूनच विचारलं, की पावणे मुलगा बघायला आले आहेत की घर?

"मुलगा झ्याक हाय," तात्या आत येत म्हणाले. "माती बघत होतो."

माती मनास आली नाही. पुढचं स्थळ ओल आहे म्हणून गेलं, त्याच्या पुढचं मागे डोंगर फार जवळ आहे म्हणून. गावात बायका कुजबुजू लागल्या. मग मुंबईचा एक गिरणीतला मुलगा सांगून आला. तो काकूंना पसंत, यमुनेचीही ना नव्हती. तात्या बघायलासुद्धा गेले नाहीत. काकू आमच्या ओटीवर येऊन रडल्या, तेव्हा मी जाऊन तात्यांना चार शब्द सुनावले. तुमच्या फुलांपायी पोर घरात राहील, म्हणालो.

त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाले, "थोरली मंजुळा मुंबईला दिली होती. तू यायच्या आधीची गोष्ट. भेटाया गेलो, तर भर दुपारी खोलीत दिवा. मला इचारलं तिनं, आबा, माळावर तेरडा आला का? पुढच्या तेरड्याला ती नव्हती." पुढं म्हणाले, "नवरा वाईट नव्हता रं. सासू बी वाईट नव्हती. जागा चुकली माझी."

मी पुन्हा मुंबईच्या स्थळाचा विषय काढला नाही.

अखेर खालापूरचं स्थळ आलं, आम्ही दोघं गेलो. घर साधं, पण अंगणाला तिन्ही बाजू मोकळ्या. तात्या परसात गेले आणि लगेच परत आले. मुलाच्या आईनं विचारलं, तुमचं काही मागणं असेल तर आत्ताच बोला.

तात्यांनी हात जोडले. त्यांना हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"दुपारी घटकाभर तिला अंगणात बसू द्या. तेवढ्यात राह्यलेलं काम मी येऊन करून दीन."

मला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "काम ऱ्हाऊ द्या, पावणं. त्या वेळंला आमी बी तिथंच बसतो."