शिकलेल्या बाईचे पुढे काय करावे

कमलाकांत वकिलांच्या मिशीचे डावे टोक उजव्यापेक्षा जवभर लांब होते. ही गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण तिकडे इतके बारकाईने पाहण्याचे सरकारी वा खाजगी कारण कोणापाशी नव्हते. आता होते. अमरावतीच्या वकील मंडळींच्या हौशी नाट्यसमाजाने त्यांना नायिकेची भूमिका दिली होती.

नाटक जुने, विलायती आणि सर्वमान्य विनोदी होते. एक पंडित एका फुलवालीला शिकवून घरंदाज बाई बनवतो आणि मग तिच्या प्रेमात पडतो. ते वऱ्हाडी वळणाने नव्याने करायचे ठरले. बायांनी रंगभूमीवर येणे समाजाच्या नियमात बसत नव्हते, म्हणून स्त्रीशिक्षणावरचे हे नाटक संपूर्णपणे पुरुष करणार होते. अध्यक्ष उत्तमराव वकील स्त्रीशिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांची मुलगी रमा चौथीनंतर घरीच होती, कारण शाळा दोन गल्ल्या दूर पडत असे.

पहिल्याच बैठकीत शेषराव वकिलांनी हरकत घेतली. "विलायतेत होत असेल. वऱ्हाडात फुलवाली शिकते, याला पुरावा काय?"

पुराव्याचे नाव निघाल्यावर वकिलांना पुढे जाता येईना. पंडिताची भूमिका करणारे हरिहर मास्तर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत. ते म्हणाले, "एखादीला शिकवून पाहू."

भातकुलीची रुख्मिणी देवीच्या देवळापुढे झेंडू आणि शेवंती विकायची. तिला विचारण्यात आले.

"शिकीन ना. काहून नाई शिकनार?" ती म्हणाली. "पन माह्या जागेवर कोन बसन?"

प्रश्न गंभीर होता. देवळापुढच्या फुलवाल्यांचा कायदा लिहिलेला नव्हता, पण पक्का होता. भर बाजारात जो आपण होऊन जागेवरून उठेल त्याचा हक्क संपला. त्या जागी जो पाणी शिंपडून बसेल त्याचा सुरू झाला.

तोड शेषरावांनीच काढली. कमलाकांतांना फुलवालीचा सराव हवाच होता, तेव्हा तेच बसतील. भर बाजारात रुख्मिणी उठली. कमलाकांतांनी लुगडे सावरून पाणी शिंपडले आणि बैठक मारली. आपल्यातला एक जण कायद्याने काय करून बसला, हे तिथे जमलेल्या एकाही वकिलाच्या ध्यानात आले नाही.

मिशी काढायला कमलाकांत तयार नव्हते. ते ती पदराखाली ठेवत. फुले घेण्यापेक्षा पदर सरकण्याची वाट पाहायला लोक जास्त येत आणि आलेच आहोत तर गजरा घेऊन जात. भावात कोणी घासाघीस केली की कमलाकांत उलटतपासणी सुरू करत. कोर्टात त्यांच्याकडे पक्षकार क्वचित फिरकत. इथे पक्षकार रांग लावून उभे होते आणि कोणी तारीख मागत नव्हते.

इकडे रुख्मिणी शिकत होती. वाचन, लेखन, भूगोल, आणि हरिहर मास्तरांना राहवले नाही म्हणून गुरुत्वमध्य. चैत्रात तिची परीक्षा घेण्यासाठी तिला अकोल्याला, अनसूयाबाई नावाच्या एका बड्या घरच्या बाईंच्या हळदीकुंकवाला पाठवले. तिने पन्हे दोनदा नाकारले. आंब्याची डाळ चाखून "हिंग थोडा पुढे आलाय" एवढेच ती म्हणाली आणि कोणाच्याही विनोदाला हसली नाही.

"पुण्याची दिसते बाई," अनसूयाबाई शेजारणीला म्हणाल्या. जाताना त्यांनी आपल्या भाच्यासाठी पत्रिका मागितली.

पुरावा मिळाला. आनंदीआनंद झाला. मग रुख्मिणी समितीपुढे आली.

"आता फुलवालीचं काम मीच करते," ती म्हणाली.

उत्तमराव दचकले. "अहो बाई, आपण आता घरंदाज. घरंदाज बाई रंगभूमीवर?"

"मग आधी का नाही दिलंत?"

"आधी आपण घरंदाज नव्हता. तसली बाई रंगभूमीवर?"

"बरं. मग माझी जागा परत द्या."

"शिकलेली बाई रस्त्यावर बसणार? हा शिक्षणाचा अपमान आहे."

"मग मी तुमच्या रमाला शिकवते."

"आपल्यापाशी शिक्षणाचा दाखला कुठे आहे?"

"तुम्हीच तर शिकवलंत!"

"म्हणूनच," उत्तमराव हळहळले. "आम्हाला दाखला देण्याचा अधिकार नाही."

"शिकलेल्या बाईचे पुढे काय करावे" हा विषय पुढच्या बैठकीवर गेला. तिथून तो त्याच्या पुढच्या बैठकीवर गेला. नाटकाचा तिसरा अंकही तिथेच अडला होता. नायिकेचे लग्न लावावे, असे काहींचे मत होते. तिला काशीला पाठवावे, असे शेषरावांचे. एकाच ठरावात दोन्ही प्रश्न सुटतील म्हणून दोन्ही एकत्र तहकूब होत राहिले.

रुख्मिणी फुलवाल्यांचे म्होरके नत्थुजी यांच्याकडे गेली. "ज्यानं शिंपडलं त्याची जागा," ते म्हणाले. "मंग तो वकील असो नाईतर देवीचा वाघ."

"आणि मला उठायची घाई नाही," कमलाकांत गजरा गुंफत म्हणाले.

शेवटी तिने हरिहर मास्तरांना गाठले. "मास्तर, तुम्हाला काय वाटतं?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "विषय समितीपुढे आहे," ते म्हणाले.

नाटकाचा दिवस आला. भाड्याने आणलेल्या पडद्यावर राजवाडा आणि हंस निघाले. फुलवाली हंसांत शोभेना, म्हणून देवळापुढे, खऱ्या जागेवरच मांडव घातला. बाजार चालूच होता. पुरुष समोर बसले, बायका चिकाच्या पडद्याआड. तिसऱ्या अंकाचा शेवट तेवढा ठरायचा होता, पण हार घेऊन पंडित येतो आणि नायिका उठते इथपर्यंत एकमत होते.

हार घेऊन हरिहर मास्तर आले. कमलाकांत हाडाचे नट. ते उठले.

त्याच क्षणी चिक सारून रुख्मिणी तांब्या घेऊन बाहेर आली, तिने जागेवर पाणी शिंपडले आणि ती बसली.

"झालं!" नत्थुजी ओरडले. "जागा बाईची!"

हा नाटकाचा शेवट समजून प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कमलाकांतांचा पदर घसरला आणि अवघ्या अमरावतीला मिशीचे दर्शन घडले. हरिहर मास्तर भाषण विसरले. "रुख्मिणी, मी लग्नाला तयार आहे!" ते एकदम बोलून गेले.

"ठराव झालेला नाही!" उत्तमराव खुर्चीवरून उठले.

"मास्तर, तुमचा विषय माझ्यापुढे आहे," रुख्मिणी शांतपणे म्हणाली. "पुढच्या बैठकीत पाहू."

पुन्हा टाळ्या. काही सुशिक्षित गृहस्थांनी तर डोळे पुसले.

"टाळ्या काहून वाजवून राहिले?" तिने विचारले. "चौथीनंतर घरी बसवलेल्या पोरी कोनाकोनाच्या हायेत?"

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेतल्या बऱ्याच जणांना घड्याळ पाहण्याची आठवण झाली. चिकाआड मात्र हातांची एक जोडी अजूनही वाजत होती. रमा बाहेर आली आणि वडिलांकडे न पाहता रुख्मिणीशेजारी पोत्यावर येऊन बसली.

रुख्मिणीने सरकून तिला जागा केली. मग तिने समोरच्या सगळ्यांकडे एकवार पाहिले.

"ठरलं आता. मी अठीच बसीन, फुलं विकीन आन् पोरी शिकवीन. बाजाराले तं तुमी रोजच येता, तवा शाळा दूर पडते म्हनू नका. आता सांगा, घरच्या पोरीले काहून नाई धाडत?"