टक वाजेपर्यंत

सोपानमामांच्या गॅरेजात गाडी आणली की मालकानं आधी गप्प बसायचं. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकं पाण्यावर नाहीतर उदगीरच्या नव्या जिल्ह्यावर बोलत. मामा खेकसत, "जिल्हा व्हायचा तव्हा व्हईल. आधी इंजिनाला बोलू द्या!"

माझी गाडी उभ्या जागी थरथरायची, चढाला दम टाकायची, पुढ्यात पिवळा दिवा लागायचा. दुसरीकडे कॉम्प्युटर लावून दोनदा सेन्सर बदलला होता. मामांनी नुसतं ऑइल चिमटीत चोळलं, हुंगलं.

"सर, हे ऑइल हाय का डांबर?"

मग त्यांनी इंजिनातला अंगठ्याएवढा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, काढला. वेगाप्रमाणे वॉल्व्ह उघडायची वेळ बदलते, ती यानं सोडलेल्या ऑइलच्या जोरावर. त्याची बारीक जाळी गाळानं बुजली होती. मामांनी बॅटरीच्या वायरी टेकवल्या. आवाज नाही. धुऊन पुन्हा टेकवल्या. टक! लेकराचं पहिलं बोलणं ऐकल्यासारखे मामा हसले. नवं ऑइल भरून तासाभरात मी मोकळा.

म्हणूनच पुढच्या आठवड्यात गॅरेजात डोकावलो तेव्हा मी चक्रावलो. मामांची लेक भारती नांदेडला नर्स; ती आदल्या दिवशी भेटायला आली होती. तिच्या गाडीत नेमका हाच बिघाड, आणि मामा दुसऱ्या दिवशीही म्हणत होते, "बघायलोय." खरं तर घरात पाण्याचे हाल नकोत म्हणून ती आल्या दिवशीच परतणार होती. मामांनी मात्र आठवडाभर स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून तिच्यासाठी ड्रम भरून ठेवला होता.

मामा बॉनेटखाली वाकले आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात मला धुतलेला, चकचकीत सोलेनॉइड दिसला.

"मामा, तुमच्या खिशात..."

त्यांनी असं पाहिलं, की वर्गात इतरांना गप्प करणारा मी निमूट स्टुलावर बसलो. ते चहा सांगायला गेले.

"जयभीम सर," भारती हळूच म्हणाली. "खिशातलं मला कालच दिसलं. टक पण ऐकलाय."

"मग?"

"मग काय, रजा वाढवून घेतली. तुम्ही बोलू नका, लाजतेत ते."

मला दोघांचंही फार कौतुक वाटलं. मामा चहा घेऊन आले.

"उद्या व्हईल बहुतेक," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"होऊ द्या की अण्णा, मला घाई न्हाई."

मामांचा हात खिशाकडे गेला, तसाच खाली आला.

"मंग आज डोक्यावरून अंघोळ कर," ते म्हणाले. "पाणी लई हाय."