मातीची पलटण आणि एक पायपुसणं

मातीचे सैनिक घडवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही! तपासणीला येणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना मी हे पत्रातच कळवून टाकलं होतं. बारा सैनिक पसंत पडले की सेनेच्या माती-कारखान्याचा मुख्य कारागीर मीच.

या सैनिकांचं तंत्र सोपं असतं. जिभेखाली चकती ठेवली की ते जिवंत होतात आणि ज्याने त्यांची माती मळली त्याचाच हुकूम पाळतात. आता, मळताना माझी कंबर धरते, म्हणून ते काम बायको करायची. नाक, कान, मिशा मात्र माझ्या. एवढ्याशा मदतीचा काय बाऊ करायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं.

चकत्या अधिकाऱ्यांनीच आणल्या. अंगणात उभ्या बाराही जणांच्या जिभेखाली त्या ठेवताच त्यांचे डोळे उघडले. मी छाती फुगवून ओरडलो, "सावधान!"

कोणी ढिम्म हललं नाही.

"लाजताहेत," मी म्हणालो.

तेवढ्यात घराच्या दारातून बायको डोकावली. तिची नजर माझ्या पायांवर गेली. "अहो, आत्ताच फरशी पुसलीय! आधी पाय पुसा!"

बाराही सैनिक खाडकन वळले. दाराशी पायपुसणं एकच. शिस्तीत रांग लागली!

"वा!" अधिकारी खूश झाले. "तुमचाच हुकूम ना?"

"माझाच! जरा उशिरा पोचला."

"मग आता थांबवा."

इथे माझी बोबडी वळली. मातीचे पाय पुसून स्वच्छ होणार तरी कधी? पहिला घोट्यापर्यंत झिजला, तरी पुसतोच आहे! मी ओरडलो, विनवलं, शेवटी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने मलाही गदागदा हलवत पुसणं चालू ठेवलं. माझी बढती डोळ्यांदेखत त्या पायपुसण्यावर सांडत होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

"अगं, थांबव गं यांना!"

"थांबा रे," बायको म्हणाली. सगळे थांबले.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या नखांत वाळलेल्या मातीकडे. "बाई, मुख्य कारागीर व्हाल?"

"होईन की. पण हाताखाली माणसं लागतील."

मी लगबगीने पुढे झालो. तिने मला नीट न्याहाळलं, मग त्या रांगेला.

"हे बारा पुरेत," ती म्हणाली.

शेवटी अधिकाऱ्यांनीच शब्द टाकला, तेव्हा कुठे माझी वर्णी लागली. तीही महिनाभराच्या बोलीवर!